चेहऱ्याच्या लकव्यासाठीची जीवनगुणवत्ता प्रश्नावली मराठीत कशी आणावी आणि कशी पारखावी

चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला की डॉक्टर रुग्णाला कपाळ वर ओढायला, डोळे मिटायला, हसायला सांगतात आणि दिसेल त्यावरून श्रेणी ठरवतात. १९८५ पासून रूढ असलेल्या हाउस-ब्रॅकमन पद्धतीत अशा सहा श्रेणी आहेत, तर १९९६ सालच्या सनीब्रुक पद्धतीत शंभरपैकी गुण देतात. या दोन्हींमध्ये पाहणारा डॉक्टर असतो. पाणी पिताना ओठांच्या कडेने ओघळते का, रात्री डोळा उघडा राहतो का, चारचौघांत बसणे माणसाने सोडून दिले आहे का, हे त्यात उतरत नाही. ते रुग्णाकडूनच कळावे यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यांपैकी दोन सर्वाधिक वापरल्या जातात: १९९६ सालचा दहा प्रश्नांचा फेशियल डिसअॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे एफडीआय, आणि २००१ साली प्रसिद्ध झालेली पंधरा विधानांची फेस स्केल. दोन्ही मुळात इंग्रजीत आहेत. अशी प्रश्नावली मराठीत आणणे हे मजकुराच्या भाषांतरापेक्षा मोजपट्टी नव्याने आखण्याच्या जवळचे काम आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच समजुतीने करायच्या आहेत.

सुरुवातीला तीन गोष्टी उरकाव्यात. मराठी आवृत्ती आधीच झालेली नाही ना, हे पाहावे. मूळ प्रश्नावलीच्या हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळवावी. परवानगी मागतानाच प्रत्येक प्रश्नामागचा हेतू मूळ लेखकांना विचारून ठेवावा, कारण पुढे वाद निर्माण झाला की त्याचा निवाडा त्या हेतूवरूनच होतो.

सर्वसाधारणपणे मान्य असलेली क्रमवारी अशी आहे. मराठी मातृभाषा असलेल्या दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र भाषांतरे करावीत. त्यांपैकी एकाला विषयाची जाण असावी आणि दुसऱ्याला मुद्दाम नसावी, कारण दुसरा माणूस रुग्ण बोलतात तसे लिहितो. मग दोघांनी एकत्र बसून एक मसुदा ठरवावा आणि प्रत्येक मतभेद व त्याचा निकाल लिहून ठेवावा. त्यानंतर मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या दोघांनी त्या मसुद्याचे उलट, म्हणजे मराठीतून परत इंग्रजीत, भाषांतर करावे. उलट भाषांतराला मी मर्यादितच महत्त्व देतो. त्यातून ढोबळ चूक हाती लागते. पण शब्दाला शब्द ठेवलेले अवघड मराठी वाक्य उलट फिरवले की हुबेहूब मूळ वाक्य परत मिळते आणि समिती निश्चिंत होते, जरी ते वाक्य रुग्णाला कळलेले नसले तरी. भाषांतरकार, या आजाराचे उपचार करणारा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, भाषेचा जाणकार आणि संशोधनपद्धती जाणणारी व्यक्ती एवढे जण समितीत असावेत. शक्य असल्यास या आजारातून गेलेली एक व्यक्तीही घ्यावी.

समितीचा बहुतेक वेळ मोजक्याच शब्दांवर जातो आणि तो जायलाच हवा. पहिली अडचण आजाराच्या नावापासूनच येते. ‘पक्षाघात’ किंवा ‘अर्धांगवायू’ म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात मेंदूचा झटका आणि लुळा पडलेला हातपाय येतो. ‘तोंड वाकडे होणे’ सर्वांना कळते, पण ते रुग्णाच्या हातातल्या कागदावर छापणे योग्य नाही. ‘चेहऱ्याचा लकवा’ किंवा नुसते ‘चेहऱ्याचा त्रास’ हे पर्याय रुग्णांपुढे ठेवून पाहावेत. ‘जीवनमान’ हा शब्द शीर्षकात टाळावा, कारण तो उत्पन्न आणि राहणीमानाकडे झुकतो. दुसरी अडचण ‘तोंड’ या शब्दाची आहे. मराठीत तोंड म्हणजे चेहराही आणि मुखही. ‘तोंड आखडल्यासारखे वाटते’ या विधानाला एक रुग्ण गालाविषयी उत्तर देईल आणि दुसरा जबड्याविषयी. म्हणून चेहरा, ओठ, गाल आणि तोंडाचा आतला भाग यांसाठी संपूर्ण प्रश्नावलीत एकेक शब्द पक्का करावा. तसेच ‘डोळ्यांतून पाणी येणे’ आणि ‘रडू येणे’ हे वाचताना एकमेकांत मिसळू नये. मज्जातंतू चुकीच्या दिशेने पुन्हा वाढल्यामुळे जेवताना डोळा वाहणे हे या आजाराचे एक ओळखीचे लक्षण आहे आणि त्याचा मनःस्थितीशी संबंध नसतो.

व्याकरणही अडवते. इंग्रजी विधानात ‘मी’ची क्रिया लिंगानुसार बदलत नाही, मराठीत बदलते. ‘मी लोकांत जाणे टाळतो’ हे वाक्य स्त्री रुग्णासाठी परके होते. त्यावर उपाय म्हणून काही जण ‘मला लोकांत जाणे टाळावेसे वाटते’ असे लिहितात, आणि तिथे अर्थ सरकतो: मूळ विधान कृतीविषयी आहे, हे इच्छेविषयी झाले. ‘टाळतो/टाळते’ असे दोन्ही रूपांत छापावे किंवा स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या प्रती काढाव्यात. वाचायला थोडे जड गेले तरी अर्थ शाबूत राहतो. नकारार्थी विधानापुढे ‘कधीच नाही’ हे उत्तर आले की दुहेरी नकार तयार होतो आणि रुग्ण नेमकी उलटी खूण करतो. अशी जागा दिसली की वाक्य नव्याने बांधावे. काळाच्या बाबतीत ‘गेल्या महिन्यात’ आणि ‘गेल्या महिन्याभरात’ यांत मोठा फरक आहे: आज वीस तारीख असेल तर पहिल्याचा अर्थ मागचा कॅलेंडर महिना, दुसऱ्याचा अर्थ आजपर्यंतचे तीस दिवस.

उत्तरांचे पर्याय प्रश्नांइतकेच जपावे लागतात. एफडीआयच्या सामाजिक भागात वारंवारतेच्या सहा पायऱ्या आहेत, आणि ‘बहुतेक वेळ’, ‘बराच वेळ’, ‘काही वेळ’, ‘थोडा वेळ’ हे शब्द सगळ्यांना एकाच क्रमाने लागतील असे गृहीत धरता येत नाही. हे शब्द कार्डांवर लिहावेत, कार्डे पिसून दहा-पंधरा जणांना क्रम लावायला सांगावे, आणि ज्या दोन पायऱ्यांची अदलाबदल होते त्यांचे शब्द बदलावेत. याच भागातला पहिला प्रश्न मनाच्या शांततेविषयी आहे आणि उरलेले चार त्रासाविषयी, त्यामुळे पर्यायांचे अंक छापताना दिशा उलटण्याचा धोका असतो. शारीरिक भागात ती क्रिया प्रकृतीमुळे केली नाही की अन्य कारणामुळे, हे वेगळे विचारले आहे आणि अन्य कारणाला शून्य गुण आहेत. गुणांच्या सूत्रात प्रत्येक उत्तरातून एक वजा होतो, म्हणूनच या भागाचे गुण उणे २५ ते १०० या पट्ट्यात येतात, सामाजिक भागाचे मात्र ० ते १००. हा उणे आकडा छपाईची चूक समजून कोणी दुरुस्त करू नये.

मसुदा ठरला की तीस ते चाळीस रुग्णांवर पूर्वचाचणी घ्यावी. नुसती प्रश्नावली भरून घेणे म्हणजे पूर्वचाचणी नव्हे. प्रत्येक विधानानंतर ‘हे तुम्हाला काय विचारते आहे, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ आणि ‘हीच खूण का केलीत?’ असे विचारून उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे. पेल्याने पिण्याच्या प्रश्नात ओठ मिटण्याची ताकद मोजायची आहे. कोणी पेला ओठांना न लावता वरून पीत असेल तर तो ‘काहीच अडचण नाही’ म्हणेल आणि ते उत्तर खरे असूनही मापन चुकेल. उच्चारांविषयीच्या प्रश्नात रुग्ण गोंधळले तर प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे उदाहरण म्हणून घालावीशी वाटतात. पण मुळात नसलेली भर मूळ लेखकांच्या संमतीशिवाय घालू नये. डोळा कोरडा किंवा पाणावलेला असणाऱ्या माणसासाठी अक्षर मोठे ठेवावे. वाचून दाखवावे लागले तर ते काम नातेवाइकाने न करता प्रशिक्षित व्यक्तीने करावे, कारण मनातले एकटेपण घरच्यांसमोर सहसा कोणी सांगत नाही.

यानंतर आकड्यांची पारख येते. नमुन्यातील रुग्ण प्रश्नसंख्येच्या सातपट आणि किमान शंभर असल्यास घटक विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एकत्र एकच गोष्ट मोजतात याची तपासणी, विश्वासाने करता येते. अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी, क्रॉनबॅक अल्फा हा आकडा काढतात; तो ०.७० ते ०.९५ दरम्यान असावा. त्याहून जास्त आला तर प्रश्न एकमेकांची पुनरुक्ती करत आहेत, असा संशय घ्यावा. अल्फा प्रत्येक उपविभागाचा वेगळा काढावा. फेस स्केलमध्ये हालचाल, चेहऱ्याचा आराम, तोंडाचे कार्य, डोळ्याचा आराम, अश्रूंवरील नियंत्रण आणि सामाजिक कार्य असे सहा उपविभाग आहेत. त्यांपैकी अश्रूंच्या उपविभागात एकच विधान असल्याने त्याचा अल्फा निघतच नाही, आणि एकूण पंधरा विधानांचा चांगला अल्फा त्याची उणीव भरून काढत नाही.

पुनर्चाचणीत सर्वात महागडी चूक होते. प्रश्नावली साधारण दोन आठवड्यांनी किमान पन्नास जणांकडून पुन्हा भरून घ्यायची असते, पण बेल्स पाल्सीचे, म्हणजे ठरावीक कारण न सापडता अचानक आलेल्या चेहऱ्याच्या लकव्याचे, बहुतांश रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच सुधारू लागतात. अशा रुग्णांचे गुण बदलले तर तो दोष प्रश्नावलीचा नसतो. म्हणून या टप्प्यासाठी आजार होऊन वर्ष उलटलेले, स्थिती स्थिरावलेले रुग्ण निवडावेत आणि दुसऱ्या वेळी ‘मधल्या काळात काही बदल जाणवला का?’ हेही विचारावे. दोन्ही वेळचे गुण किती जुळतात हे सांगणारा आंतरवर्ग सहसंबंध गुणांक ०.७० किंवा अधिक हवा. त्यावरून मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे स्थिती न बदलताही गुण साधारण किती हलतात तो आकडा, काढावी. तिच्या सुमारे २.७७ पट फरक पडला तरच एका रुग्णात खरा बदल झाला, असे म्हणता येते. उपचार करणाऱ्याला रोजच्या कामात हाच आकडा लागतो, आणि अहवालांत तोच पुष्कळदा गाळलेला असतो.

वैधतेसाठी, म्हणजे प्रश्नावली जे मोजायचे तेच मोजते हे दाखवण्यासाठी, गृहीतके विदा (रुग्णांची माहिती) गोळा करण्याआधीच दिशेसह लिहून ठेवावीत, आणि त्यांपैकी किमान पंचाहत्तर टक्के खरी ठरावीत. उदाहरणार्थ, फेस स्केलचा सामाजिक उपविभाग एफडीआयच्या सामाजिक भागाशी दाट जुळावा, हाउस-ब्रॅकमन श्रेणीशी मात्र मध्यमच. इथे सहसंबंध कमी आला म्हणून निराश होऊ नये. डॉक्टरांना किरकोळ वाटणारी असमानता एखाद्याला घराबाहेर पडू देत नाही आणि ठळक लकवा असलेला दुसरा माणूस नेमाने कामावर जातो. प्रश्नावली घ्यायची ती हीच तफावत टिपण्यासाठी. पंधरा टक्क्यांहून अधिक रुग्ण सर्वात कमी किंवा सर्वात जास्त गुणांवर अडकले असतील तर तेही नोंदवावे, कारण तिथे पुढचा बदल मोजायला जागा उरत नाही.

अंतिम आवृत्तीबरोबर गुण मोजण्याची रीत, गाळलेल्या उत्तरांचा नियम आणि समितीच्या निर्णयांची नोंद एकत्र ठेवावी व एक प्रत मूळ लेखकांना पाठवावी. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापावी. पुढे कोणी एखादा शब्द सोपा करून छापला, तर तो शब्द असलेले विधान पुन्हा रुग्णांसमोर न्यावे आणि पानावरचा क्रमांक बदलावा.