डगमगणारा फिश टँकचा स्टँड मी असा पक्का केला

माझी काचेची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच २४३ किलो; काच, वाळू, दगड धरले की आकडा ३०० च्या पुढे जातो. हे गणित आधी केलं नाही आणि पहिला स्टँड चुकला. आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूने स्क्रूने जोडल्या होत्या, म्हणजे सगळा भार स्क्रूंवर लटकत होता. टाकीला जरा हात लागला की पाणी हिंदकळायचं. रात्री झोप लागत नव्हती. आत जिवंत मासे होते.

एअर पंप लावलेल्या टबात मासे हलवून चौकट खोलली. आता पाय थेट चौकटीखाली घेतले. वजन लाकडातून सरळ जमिनीत उतरतं, स्क्रू आणि गोंद फक्त सांधे धरून ठेवतात. पण खरा फरक पाठीमागच्या १२ मिलिमीटर प्लायने पडला. पूर्ण पाठ झाकणारा अखंड तुकडा चिकटवून स्क्रू मारले आणि डावी-उजवीकडचं डुलणं थांबलं. पाय कितीही जाड घ्या, असा आधार नसेल तर चौकट कलते.

लाकडाला पॉलीयुरेथेनचे (पाणी अडवणारं वॉर्निश) तीन हात दिले. कापलेल्या कडांना जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. पायांखाली पाचरी सारून लेव्हल साधली, तळकाचेखाली फोम शीट घातली. टाकी अर्धी भरून एक दिवस थांबलो, लेव्हल पुन्हा पाहिली, मगच पूर्ण भरली. आता हाताने ढकललं तरी पाण्यावर तरंग उठत नाही.