गुन्हा डोळ्यांसमोर घडतोय: फोनवर काय सांगाल?

आधी ठिकाण सांगा. काय झालं, कोणी केलं, हे नंतर. मी आपत्कालीन कॉल घेण्याचं काम करते आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना शिकवतेही. फोन मध्येच तुटला तरी जागा कळलेली असेल, तर गाडी पाठवता येते. जागाच कळली नाही तर आमचे हात बांधलेले. मोबाइलवरून आम्हाला जी जागा दिसते ती पुष्कळदा अंदाजे असते, आणि त्यातून मजला तर बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून रस्ता, त्याची कोणती बाजू, जवळची ठळक खूण, मजला, सगळं बोलून सांगा. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड आणि वाहतूक कोणत्या दिशेची, तेही सांगा.

नंबर भारतात आणि युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११.

आजूबाजूला गर्दी आहे, कुणीतरी केलाच असेल फोन, असं धरून चालू नका. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर कुणाला तरी अपस्माराचा झटका आल्याचे आवाज ऐकवले होते. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी झटका संपायच्या आत कळवलं. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्क्यांनी. एकाच घटनेचे चार फोन आले तर आमचं काहीच बिघडत नाही.

मी प्रश्न विचारायला लागले की लोक चिडतात. "प्रश्न कसले विचारताय, गाडी पाठवा!" चिडणं मी समजू शकते. पण बहुतेक ठिकाणी तुम्ही बोलत असतानाच माहिती पुढे जात असते आणि पथक निघालेलं असतं. उत्तरं त्या पथकासाठी असतात: शस्त्र आहे का, माणसं किती, कुणी जखमी आहे का, गुन्हेगार अजून तिथेच आहे का.

वर्णन करताना चटकन बदलता येणार नाही ते आधी सांगा. जॅकेट काढून फेकता येतं, टोपीही. बूट सहसा तेच राहतात. चाल, अंगकाठी, गोंदण, लंगडणं यांवर लक्ष ठेवा. गाडीचा अख्खा नंबर नाही मिळाला तरी शेवटचे आकडे, रंग, कुठे पोचा पडलाय आणि कोणत्या दिशेने गेली एवढं पुष्कळ झालं. पाठलाग मात्र करू नका.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. स्वतः पाहिलेलं आणि तुमचा अंदाज वेगवेगळे ठेवा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये एकाने फोन करून सांगितलं की बागेत कुणीतरी लोकांवर पिस्तूल रोखतंय. ते पिस्तूल बहुधा खोटं असावं आणि रोखणारा बहुधा अल्पवयीन असावा, असंही फोन करणारा म्हणाला. हे दोन्ही 'बहुधा' पोलिसांपर्यंत पोचलेच नाहीत. बारा वर्षांच्या तामिर राइसवर, पोलिसांची गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. त्याच्याजवळ खेळण्यातलं पिस्तूल होतं. फोन करणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं, चूक कॉल घेणाऱ्याच्या खुर्चीत झाली. ती प्रत्येक तुकडीला मी सांगते. तुम्हीही शंका असेल तर ती बोलून दाखवा आणि "हे तुम्ही पुढे कळवताय ना?" असं विचारा. हा आगाऊपणा नाही. "त्याच्या हातात सुरा आहे" आणि "हातात काहीतरी चमकलं" यांत फार मोठा फरक आहे. दुसरंच खरं असेल तर दुसरंच सांगा. "संशयास्पद माणूस" एवढंच ऐकून आम्हाला काही कळत नाही. तो करतोय काय, ते सांगा.

बोलणं धोक्याचं असेल तर लाइन चालू ठेवा, आम्ही ऐकत राहतो. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून ९९९ लावून बोलता येत नसेल, तर सांगितल्यावर ५५ दाबायचं असतं. चुकून नंबर लागला तर न बोलता कट करू नका, चुकून लागला एवढं सांगा. नाहीतर कुणी संकटात आहे का हे बघायला आम्हाला उलट फोन करावा लागतो.

आम्ही सांगेपर्यंत फोन ठेवू नका. ठेवल्यानंतर तो माणूस निघून गेला, गाडी बदलली किंवा जखमीची शुद्ध हरपली, तर पुन्हा लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की याच घटनेबद्दल मघाशी फोन केला होता.