क्रूझर मोटारसायकलची उंची कमी करताना या चुका टाळा

पाच फूट दोन इंच उंचीच्या चालकाला १९१ किलोची गाडी उतारावरच्या खडीत थांबवायची असेल, तर पाय जमिनीला किती टेकतो हा प्रश्न थेट सुरक्षिततेचा होतो. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० या क्रूझरची (ठेंगण्या बैठकीची, पाय पुढे ठेवून चालवायची गाडी) बैठक जमिनीपासून ७६५ मिमी उंचीवर आहे. ही उंची पुष्कळांना जमते, काहींना थोडी जास्त पडते आणि मग गाडी ‘खाली करून घेण्याचा’ विचार सुरू होतो. त्यात काही गैर नाही. मात्र बहुतेक जण सुरुवात शॉकअपपासून करतात आणि बैठकीकडे शेवटी वळतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ आकडा पाहणे

माहितीपत्रकातली उंची बैठकीच्या मधल्या भागाची असते. मांड्या किती फाकवाव्या लागतील हे त्यातून कळत नाही. बैठक पुढून रुंद असेल तर पायाची बरीच लांबी तिच्या कडांवरून वळण्यातच खर्च होते. म्हणून गाडी कोणाला तरी सरळ धरायला सांगावी आणि शिंप्याची टेप एका बाजूच्या जमिनीपासून, मांड्या जिथे येतात त्या भागावरून, दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत न्यावी. त्या मापाचा निम्मा आकडा बूट घालून मोजलेल्या पायाच्या आतल्या लांबीशी ताडून पाहावा. नेमके किती कमी करायचे ते तेव्हाच समजते आणि ते अंतर अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी निघते. दोन्ही टाचा पूर्ण टेकल्याच पाहिजेत असा हट्टही धरू नये. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकत असतील, तर सरावाने गाडी उत्तम सांभाळता येते.

बैठकीचा फोम सरसकट कापणे

आराम खरा इथेच हरवतो. क्रूझरवर पाय पुढे ठेवलेले असतात, त्यामुळे गतिरोधक किंवा खड्डा आला तरी फुटरेस्टवर भार देऊन शरीर उचलता येत नाही. प्रत्येक धक्का सरळ माकडहाडाकडे जातो आणि मधे असतात फक्त दोन गोष्टी, शॉकअप आणि फोम. सीटवाल्याला ‘दोन इंच कमी करा’ एवढेच सांगितले की तो वरून सपाट थर काढून टाकतो. मग तासाभरात बैठकीचा तळ टोचू लागतो, आणि कापताना उतार टाकीकडे गेला असेल तर प्रत्येक ब्रेकला शरीर पुढे घसरते. योग्य पद्धत अशी की बसण्याच्या हाडांखालचा फोम शक्यतो तसाच ठेवावा आणि पुढच्या भागाच्या दोन्ही कडा गोलाकार उतरवून तो भाग अरुंद करावा. मधला भाग थोडा कमी करावाच लागला, तर तिथे जास्त घनतेच्या फोमचा थर घालावा आणि पाठीला आधार देणारा मागचा उंचवटा अजिबात काढू नये. मूळ सीट जपून ठेवून हे काम दुसऱ्या सीटवर करावे, म्हणजे पसंत न पडल्यास परतीची वाट उरते. बैठक जितकी खाली जाते तितके गुडघे अधिक दुमडतात, हेही लक्षात असू द्यावे.

त्यानंतर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, पाहावा. मिटिऑरवर त्याचे सहा टप्पे आहेत. वजनाने हलक्या चालकाला खालचा टप्पा बहुधा मानवतो आणि बैठकही किंचित खाली येते. मात्र मागे माणूस बसणार असेल तेव्हा टप्पा वाढवायचा विसरू नये.

आखूड शॉकअप बसवून काम संपले असे मानणे

मोनोशॉकच्या (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाड्यांसाठी मिळणाऱ्या लोअरिंग लिंक (शॉकअपची जोडणी बदलून गाडी खाली आणणाऱ्या पट्ट्या) जुळ्या शॉकअपच्या क्रूझरला लागू पडत नाहीत, त्यामुळे आखूड शॉकअप हाच पर्याय उरतो. तो बसवला की गाडीची मागची बाजू खाली येते, पण बैठक दोन चाकांच्या मधे असल्याने ती त्याहून कमी उतरते. शिवाय केवळ मागची बाजू खाली गेल्याने पुढच्या फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कल वाढतो, हँडल कमी वेगात जड होऊन एका बाजूला पडू पाहते आणि ज्या सावकाश वळणांसाठी हा खटाटोप केला तीच अवघड होतात. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात, डबल स्टँड लावायला जास्त जोर लागतो आणि चेनचा ताण बदलतो.

साइड स्टँडकडे माझेच दुर्लक्ष झाले होते. एका गॅरेजमध्ये २५ मिमी आखूड शॉकअप बसवून घेतले, स्टँड मात्र तसाच राहिला. गाडी जवळपास सरळ उभी राहू लागली आणि दुसऱ्याच दिवशी उजवीकडे कलंडून ब्रेकचा लिव्हर तुटला. स्टँड त्या प्रमाणात आखूड करून घेणे हा याच कामाचा भाग आहे.

मागची बाजू उतरवली तर फोर्कच्या नळ्याही क्लॅम्पमधून (त्यांना धरणाऱ्या पकडीतून) थोड्या वर सरकवून पुढची बाजू त्याच प्रमाणात खाली घ्यावी. त्याआधी पुढचे चाक अधांतरी ठेवून मडगार्ड आणि त्यावरच्या भागातले अंतर मोजावे. मिटिऑरच्या फोर्कची हालचाल १३० मिमी आहे. अंतर १५० मिमी असेल आणि नळ्या १५ मिमी सरकवल्या, तर हाती केवळ ५ मिमी मोकळीक उरते. स्प्रिंग कापणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग अधिक कडक होते: गाडी खाली येते आणि धक्केही वाढतात.

काम झाल्यावर त्रास जाणवला तर

खड्ड्यात मागून ठक्क असा आवाज येत असेल, तर शॉकअप तळाला लागत आहे किंवा टायर मडगार्डला घासत आहे. मडगार्डच्या आतल्या बाजूला घासल्याच्या खुणा शोधाव्यात आणि प्रीलोड वाढवून पाहावा. वळणावर फुटरेस्ट पूर्वीपेक्षा लवकर घासत असेल, तर गाडी गरजेपेक्षा जास्त उतरली आहे. पूर्ण वळवलेल्या हँडलचे बाहेरचे टोक हाताला लांब पडत असेल, तर हँडल चालकाकडे आणणारे रायझर बसवावेत आणि केबल ताणल्या जात नाहीत ना, हे दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, मागे कोणाला न बसवता घ्यावी आणि परतल्यावर शॉकअप व क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याने) तपासावेत.