कोंबड्यांना उवा-किडे लागल्यात? आधी खुराडं धरा

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जायला मागंनात, हाकलून आत घालाव्या लागत्यात, तुरा फिका पडलाय, अंडी कमी झाल्यात असं दिसलं की पहिला संशय खुराड्यावर घ्या. आपल्या कोल्हापूर भागात पावसाळ्यात तर सगळं दमट, असल्या हवेत हे किडे लय झपाट्यानं वाढतात.

लाल किडा, म्हणजे रेड माईट, दिवसा कोंबडीवर सहसा सापडतच नाही. फळीच्या फटीत, बसायच्या दांडीखाली, खिळ्याच्या भोकात लपतो आणि रात्री अंगावर चढून रक्त पितो, गोचीडपण तसलाच. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं घासून काढा, लाल डाग उठले की समजायचं. उवा मात्र कायम अंगावरच असतात, शेपटीखालची पिसं बाजूला केली की पिवळसर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाला लिखांचे पांढरे झुबके चिकटलेले असतात.

कडक ऊन बघून खुराडं रिकामं करा. जुनं पिंजर, म्हणजे आत अंथरलेला पेंढा, लांब नेऊन जाळा, विष्ठा खरवडा, दांड्या काढून उन्हात टाका, फटीफटीत साबणाचं कडकडीत पाणी ओता, वाळलं की चुना मारा आणि फटी बुजवा. फवारायला डेल्टामेथ्रिन नाहीतर परमेथ्रिन मिळतं, पण प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच, आणि पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या, खाद्य, पाण्याची भांडी सगळं बाहेर. उसावरचं, भाजीवरचं औषध तर अजिबात मारू नका, ती अंडी आपलीच पोरं खातात.

आता खरं महत्त्वाचं, 7-8 दिवसांनी हेच सगळं परत करायचं! औषधानं किड्यांची अंडी मरत नाहीत आणि लाल किड्याची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, लोक एकदा फवारतात आणि म्हणतात औषधात दम नाही. खुराडं नुसतं रिकामं ठेवूनपण भागत नाही, हा किडा कित्येक महिने उपाशी जगतो.

कोंबडीला डॉक्टरांनी दिलेली पावडर पंखाखाली आणि शेपटीखाली चोळा, डोळ्या-नाकात जाऊ देऊ नका, अंडी किती दिवस खायची नाहीत तेपण विचारून घ्या. उवांसाठी 10 दिवसांनी परत एक हात. लोळायला कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून ठेवा. पायाचे खवले उचलून खरबरीत झाले असतील तर कोमट साबणपाण्यात पाय भिजवून व्हॅसलिन लावा, आठवडाभर तरी, खवले ओढू नका आणि रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

खुडूक कोंबडीकडं जरा जास्त लक्ष द्या. ती बिचारी 21 दिवस एकाच बुट्टीत बसून असते, किड्यांना आयतंच सापडतं, आणि पिल्लं निघाली की ती रक्त कमी होऊन मरतातसुद्धा. म्हणून बसवायच्या आधीच बुट्टी उन्हात तापवा, पिंजर नवं घाला. आणि बाजारातून नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, शेपटीखाली बघूनच बाकीच्यांत सोडा.