मांजराचे डोळे चिकटले, तर या चुका टाळा

मांजराचा डोळा लाल झाला, पाणी गळू लागले आणि सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या दिसल्या, की ‘डोळे आलेत, ड्रॉप घाला’ हा सल्ला घरातच तयार असतो. ड्रॉपही बहुधा घरातच असतो, कारण माणसांच्या डोळ्यांच्या मागच्या साथीत आणलेली अर्धी बाटली कपाटात पडून असते. साधा संसर्ग डोळ्यावर बेतण्याची सुरुवात माझ्या मते बरेचदा याच बाटलीपासून होते.

अशा अनेक औषधांत प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड असते. त्याने लाली झपाट्याने ओसरते आणि औषध लागू पडले असे वाटते. परंतु मांजरांच्या डोळ्यांच्या संसर्गाचे एक प्रमुख कारण हर्पीस विषाणू हे असून, तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखमा करतो. स्टेरॉइडमुळे तेथील प्रतिकारशक्ती दबते, विषाणूला मोकळे रान मिळते, जखम खोल जाते आणि पडद्याला भोक पडून डोळा काढावा लागण्याचीही वेळ येऊ शकते. ही जखम नुसत्या नजरेला अनेकदा दिसत नाही. पशुवैद्य फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा ती हिरवी चमकते. ही तपासणी होईपर्यंत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एकही नाव लेबलवर असलेली बाटली उघडू नये. माणसांच्या नागिणीवरच्या असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या तर मांजराला विषारी ठरतात; गरज भासल्यास पशुवैद्य फॅमसायक्लोव्हिर देतात.

दुसरी चूक म्हणजे गळणारा प्रत्येक डोळा एकाच रोगाचा समजणे. क्लॅमिडिया जिवाणूचा संसर्ग सहसा एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांत दुसऱ्यात जातो आणि पापणीच्या आतला भाग फुगून येतो. हा जिवाणू शरीरात इतरत्रही असल्याने केवळ थेंब पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 4 आठवडे पोटातून द्यावे लागते आणि घरातील सर्व मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. आठवड्यात डोळे स्वच्छ झाले म्हणून औषध थांबवले, तर दुखणे परतू शकते. ही गोळी कोरडी गिळवू नये; ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते, म्हणून मागोमाग 5-6 मिली पाणी पाजावे.

हर्पीसमध्ये शिंका आणि नाकातून स्राव अधिक असतो. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की नसांमध्ये आयुष्यभर दडून राहतो आणि घर बदलणे, नवे मांजर येणे किंवा पाळणाघरात राहणे अशा ताणानंतर डोके वर काढतो. त्यामुळे दुखणे उलटले म्हणजे आधीचे औषध चुकले, असे नाही. हर्पीसवर म्हणून दिल्या जाणाऱ्या लायसिन या अमिनो आम्लाच्या पुड्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

बाहेर फिरणाऱ्या बोक्याचा एकच डोळा अचानक मिटला, तर कुसळ किंवा भांडणातील नख हे कारण आधी तपासावे. डोळा धुरकट दिसला किंवा दोन्ही बाहुल्यांचा आकार वेगळा वाटला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पर्शियन मांजराच्या चपट्या चेहऱ्यावरचा तपकिरी ओघळ मात्र बहुधा अश्रूंचा असतो आणि त्यावर प्रतिजैविक चालत नाही.

डोळे न उघडलेल्या पिल्लाच्या पापण्या फुगल्या, तर ‘उघडतील आपोआप’ म्हणून थांबू नये. आत पू साचलेला असू शकतो आणि तो वेळीच न काढल्यास डोळा कायमचा जातो.

स्वच्छतेसाठी उकळून कोमट केलेले पाणी किंवा सलाईन पुरेसे आहे. वाळलेले चिपड ओढू नये. ते भिजवून, आतल्या कोपऱ्यातून बाहेर असे पुसावे आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. दूध, गुलाबपाणी, हळद, मध आणि काजळ यांना येथे काहीही स्थान नाही. दोन औषधांच्या थेंबांत किमान 5 मिनिटांचे अंतर ठेवावे आणि मलम शेवटी लावावे.

नाक चोंदलेले मांजर वास येत नसल्याने खाणे सोडते. मासा किंवा चिकन किंचित कोमट करून द्यावे आणि दिवसभर तोंड लावले नाही, तर डोळ्यापेक्षा पोटाची काळजी आधी करावी, कारण उपासमारीने मांजराचे यकृत बिघडते. आजारी मांजर बरे होईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवावे आणि त्याला हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत. क्लॅमिडिया क्वचित माणसाच्या डोळ्यातही जातो.