खालून ठकठक येतेय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

पोळा झाला की ‘खालून ठकठक येते’ म्हणणाऱ्या गाड्यांची गॅरेजात रांग लागते. काळी माती पावसात फुगते, उघडीप मिळाली की आक्रसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात वावरापर्यंतची पांदण. तक्रार खरीच असते. दुखणं वेगळं आहे: यातल्या बऱ्याच गाड्या कुणीतरी आधीच खाली झोपून ‘सगळं टाइट’ करून आणलेल्या असतात. मग मूळ आवाज राहतो बाजूला, आणि आधी तुटलेले आटे निस्तरत बसावं लागतं.

आवाज आला म्हणून दिसेल तो बोल्ट आवळत सुटणं, ही पहिली चूक. ढिला बोल्ट स्वतःची जागा दाखवतो, पण चिखल धुतल्याशिवाय नाही. काळी माती लोअर आर्मवर (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा हात) वाळली की विटेसारखी बसते. आधी ती पाण्याच्या प्रेशरनं काढा, गाडी वाळू द्या आणि मग टॉर्च घेऊन बघा. बोल्टच्या डोक्याभोवती घासून चकचकीत झालेलं कडं किंवा गंजाची तांबडी भुकटी दिसली, तर तिथं हालचाल आहे. डोक्याभोवती जुना रंग आणि धूळ जशीच्या तशी असेल, तर त्या बोल्टला हात लावू नका.

त्याआधी डिकी रिकामी करा. हसू नका. जॅक, टॉमी, सुटलेली स्टेपनी, मागच्या दाराला लटकवलेल्या स्टेपनीचा ब्रॅकेट, सायलेन्सरचं फाटलेलं रबर, हे सगळं आतून ऐकलं तर ‘चेसिसचा आवाज’च वाटतं. नुकतंच पंक्चर काढलं असेल तर व्हील नट आधी तपासा. लहान गाड्यांना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर लागतो.

आवाज कधी येतो, यावरून निम्मं काम होतं. एकच चाक खड्ड्यात गेलं की ठक, पण दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून गेली की गप्प, तर संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक रॉडवर. ब्रेक मारताना एकदा आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारताना पुन्हा एकदा, तर लोअर आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) किंवा ब्रेक कॅलिपरच्या पिना. क्लच सोडताना धक्का येत असेल तर इंजिन माउंटिंग, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा. जागेवर स्टीअरिंग फिरवताना कट्ट झालं तर स्ट्रटचं (पुढचा शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडी) वरचं माउंट. दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला लावून स्प्रिंगवर हात ठेवला की हाताला कळतं. पूर्ण वळणावर चालताना कटकटकट असा आवाज आला, तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा) आहे, त्याला जगातला कोणताही बोल्ट आवळून उपयोग नाही.

आता ज्या चुकीवर सगळ्यात जास्त डोकं फिरतं, ती. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे बोल्ट कचकचून आवळलेले.

बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते. आर्म वरखाली होतो तो नळीवर फिरून नाही, रबराला पीळ देऊन. चाक लटकलेलं असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या खालच्या जागी ‘मोकळं’ ठरतं. गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो वाढतो. नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो आणि गाडीमालक दुकानदाराला शिव्या देतो, ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून. माल ओरिजिनल असतो, घाई डुप्लिकेट.

रॅम्प नसेल तरी जमतं. लटकत्या अवस्थेत बोल्ट फक्त हातानं बसवून नट टेकवायचा. मग दुसरा जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाला, बॉल जॉइंटजवळ लावून हळूहळू चढवायचा. गाडी घोडीवरून (खाली लावलेल्या जॅक स्टँडवरून) किंचित उचलल्यासारखी झाली की चाक जवळजवळ नेहमीच्या उंचीवर आलं. तिथं शेवटचा टॉर्क द्यायचा. बोल्टचं डोकं धरून नट फिरवायचा, उलटं नाही. गंजलेला बोल्ट नळीला चिकटलेला असेल तर फिरताना रबरही फाडतो. अशा बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. गॅसचा जाळ लावणाऱ्यानं बुशचे पैसेही सोबत आणावेत.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पाइप. रिंग पान्यावर तीन फुटी पाइप चढवून लोंबकळणं. हिशोब करून बघा: तीस किलोचा जोर, ९० सेंटीमीटर लांबी, म्हणजे जवळपास २६५ न्यूटन-मीटर. डोक्यावर ८.८ (बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) लिहिलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८५ पुरतं, १०.९ असेल तर १२० च्या आसपास. आकडा कंपनीच्या मॅन्युअलचाच धरायचा, पण अंदाज यायला एवढं बास. ताणलेला बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, आणि चार दिवसांनी पुन्हा ढिला. आट्यांना ग्रीस चोपडून तोच टॉर्क दिला तर ताण आणखी वाढतो, हेही पोरं विसरतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या एका पिकअपचं उदाहरण घ्या. कापूस जिनिंगवर नेणारी गाडी. भरलेली असताना निघताना आणि ब्रेक मारताना मागून धाडकन आवाज. पाइप लावून पाट्याचे (मागच्या पट्टी-स्प्रिंगचे) यू-क्लॅम्प आवळले, आवाज गेला. दोन खेपांत परत आला. पुन्हा पाइप. तिसऱ्यांदा एका क्लॅम्पचे आटेच निघाले. उघडल्यावर दिसलं की पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट केव्हाच तुटला होता आणि एका बाजूनं एक्सल अंगठाभर मागे सरकला होता, टायर एका कडेनं खाल्लेला. क्लॅम्प ढिले पडले की पाटे सरकतात आणि सगळा मार त्या एका बोल्टवर येतो. तो गेल्यावर वरून कितीही आवळलं तरी नुसतं घर्षण वाढतं. पाट्याच्या पुढच्या पिनेपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अशा वेळी नवा सेंटर बोल्ट, चारही नवे क्लॅम्प नटांसकट, चाकं जमिनीवर, आडवंतिडवं करत तीन फेऱ्यांत आवळणं, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) एकदा काढला की फेकायचा. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर जाड वायसर टाकून भागत नाही, ब्रॅकेट बदला. चेसिसच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्ट जागेवर गरगर फिरत असेल, तर बोल्टलाच वेल्ड मारू नका. वेल्डिंग लागलंच तर गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा.

वेगळी चेसिस असलेल्या गाडीत बॉडीखालचं रबर दबून पापड झालेलं असतं. बोल्ट आवळला की आवाज दबतो, पण दार चौकटीत बसेनासं होतं. लहान कारला अशी चेसिस नसतेच, तिथं ‘चेसिस बोल्ट’ म्हणजे क्रॉसमेंबरचे (इंजिनखालची आडवी चौकट) बोल्ट. ते सैल करण्याआधी क्रॉसमेंबर आणि बॉडीवर रंगाची रेघ मारा, नाहीतर चार मिलिमीटर सरकतो आणि स्टीअरिंग वाकडं होतं. नंतर अलाइनमेंट करायचंच.

आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली जाऊ नये. ओल्या काळ्या मातीत जॅक आपोआप खाली रुततो. खाली जाड लाकडी फळी, चाकांना दोन्हीकडून दगड, चेसिसखाली घोडी, तेव्हाच खाली सरका.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. आठवड्यानं टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट काढून भोक आणि आटे तपासा, नुसता पुन्हा आवळू नका.