मातीचा बांध आणि मागचं रानतळं : या चुका टाळा

ओढ्यावर मातीचा छोटा बांध घालून मागे पक्ष्या-प्राण्यांसाठी तळं राखायचं, तर एकमेकांच्या उलट असलेल्या दोन गोष्टी एकाच जागी सांभाळाव्या लागतात. तळ्याला रान हवं असतं: झुडपं, चिखल, पडलेले ओंडके, दाट काठ. बांधाला यातलं काहीच चालत नाही. तो उघडा, गवताळ आणि रोज नजरेखालचा हवा. बहुतेक चुका या दोन्हींची सरमिसळ झाल्याने होतात.

आधी कागदपत्रांचं. ओढा तुमच्या सातबाऱ्यातून वाहत असला, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नदी-नाले सर्वसाधारणपणे शासनाचे असतात. तहसील कार्यालय आणि मृद व जलसंधारण विभागाकडे चौकशी केल्याशिवाय जेसीबी बोलावू नका. बांधाच्या खालच्या अंगाला कुणाची वस्ती, विहीर, गोठा आहे, हेही स्वतः चालत जाऊन पाहा.

सांडव्यात काटकसर

मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं, की तो काही तासांत वाहून जाऊ शकतो. म्हणून सगळ्यात आधी हिशोब सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचा करायचा. समजा पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी तळ्यात येतं ती, १० हेक्टर आहे. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला साधारण १,७०० लिटर पाणी बांधावर येतं. ते ३० सेंटिमीटर जाडीच्या थराने निघून जायला सांडवा सुमारे ६ मीटर रुंद लागतो. प्रत्यक्षात दीड-दोन मीटरचा चर खणून त्यालाच सांडवा म्हटलं जातं. घाटमाथ्याजवळ किंवा कोकणात तर याहून जास्त तीव्रतेचा पाऊस धरावा लागतो, तेव्हा हा आकडा तिथल्या अभियंत्याकडून तपासून घ्या.

सांडवा भरावावर नको. बांधाच्या टोकाला, मूळच्या कडक जमिनीत तो काढावा. पुराची पातळी धरली, तरी तिच्या वर बांधाचा माथा निदान ६० सेंटिमीटर उरला पाहिजे. भराव पुढे दबतो, त्यामुळे मध्यभागी उंची थोडी जास्तच ठेवायची.

त्यानंतरच्या दोन चुका तर चांगल्या हेतूने होतात. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावं म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या रचल्या जातात, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावली जाते. पहिल्याच मोठ्या पुरात पालापाचोळा, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक येऊन जाळी भिंतीसारखी गच्च होते आणि पाणी बांधाच्या माथ्याकडे वळतं. मासे गेले तर पुन्हा येतील. सांडव्यात काहीही ठेवू नका.

मे महिन्यातला बांध

मृगाच्या आधी उरकायचं म्हणून मेच्या शेवटी डंपरने कोरडी माती ओतली जाते आणि वरून जेसीबी दोन फेऱ्या मारतो. याला दबाई म्हणत नाहीत. माती २० सेंटिमीटरच्या थरांनी पसरायची, पाणी मारायचं आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा. रोलर नसेल, तर भरलेली ट्रॉली लावून ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवायचा. माती मुठीत घेऊन लाडू वळून पाहा. वळतच नसेल तर कोरडी आहे, हाताला चिकटून राहिली तर जास्त ओली आहे.

दख्खनच्या पठारावर दोन प्रकारची माती हाताशी असते. काळी चिकण माती पाणी अडवते, पण वाळली की भेगाळते. मुरूम भेगाळत नाही, पण पाणी सोडतो. म्हणून काळ्या मातीचा गाभा आत आणि मुरमाचं आवरण बाहेर. हा गाभा जमिनीवरच सुरू झाला, तर पाणी त्याच्या खालून निघून जातं. बांधाच्या मध्यरेषेत कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत चर खणून तोही काळ्या मातीने दाबून भरावा लागतो. खर्च वाचवायला हा चर गाळला, तर पुढे कुठल्याही उपायाने तळं धड भरत नाही.

बांधातून पाइप काढायचा मोह टाळा. पाइपच्या कडेची माती नीट दबत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाही बांधकाम अपूर्ण असलेल्या त्या मातीच्या धरणात विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या वाटेच्या भागातच भराव खचला होता. छोट्या बांधाला माथ्यावरून टाकलेली सायफनची नळी पुरते.

बांधावर झाडं, बिळात विष

वड, बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, काहीही बांधावर लावू नका. मुळं जिवंत असेपर्यंत माती सैल करतात आणि मेली की पोकळ्या सोडून जातात. म्हणून जुनं मोठं झाड नुसतं तोडून खोड तसंच ठेवणं हाही उपाय नव्हे. पाणी कमी असताना मुळं काढून खड्डा थराथराने भरावा लागतो. बांधाच्या उतारावर हरळी लावा, आणि पाण्याकडच्या बाजूला लाटांचा मार झेलायला दगडी पिचिंग करा, म्हणजे दगडांचा थर बसवा.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, त्यानंतर धरण खेकड्यांनी पोखरलं का, यावर बरीच चर्चा झाली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे मात्र त्या चर्चेत मागे पडलं. नीट दबलेल्या बांधाला खेकडा सहसा एकटा फोडत नाही. पोकळ भरावात त्याचं बीळ पाण्याला वाट देतं, हेही खरं. बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या, तर आत खेकडा आहे असं समजा. काही जण त्यात कीटकनाशक ओततात. ते पहिल्या पावसात तळ्यात उतरतं, आणि ज्यांच्यासाठी तळं केलं ते बेडूक, चतुर, मासे मरतात. बीळ उकरून चिकण मातीने ठासून भरा आणि वर दगड बसवा.

पाझर दिसला तर

बांधाच्या पायथ्याशी थोडं नितळ पाणी झिरपणं नैसर्गिक आहे. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल, तर बांध आतून झिजतो आहे. धार दिवसेंदिवस वाढत असेल, तरी अर्थ तोच. झऱ्याच्या तोंडावर चिकण माती थापून ते बुजवू नका, पाणी आत कोंडून दुसरीकडे फुटतं. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा भार द्या. पाणी निघू दे, माती निघता कामा नये. सायफनने तळ्याची पातळी उतरवा, खालच्या वस्तीला कळवा, अभियंत्याला बोलवा. एरवी मात्र तळं घाईने उपसू नये. पाण्याचा आधार अचानक गेला, की भिजलेला भराव आतल्या बाजूने घसरतो.

माथ्यावरच्या भेगा कुठल्या दिशेने जातात तेही पाहा. बांधाच्या लांबीला आडवी, म्हणजे तळ्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग सर्वांत धोक्याची. ती शेवटपर्यंत उकरून पुन्हा दाबून भरा.

तळं की टाकी?

आता रानाची बाजू. सरळ कडांचं, सगळीकडे सारख्या खोलीचं तळं पक्ष्यांच्या फारसं उपयोगाचं नसतं. शेकाट्या, तुतवार यांना घोट्याएवढं पाणी आणि उघडा चिखल लागतो. टिबुकलीला बुडी मारायला खोल पाणी आणि घरट्याला लव्हाळा लागतो. म्हणून बांधासमोरचा काठ लांबलचक आणि उथळ ठेवा, आणि एकच डोह खोल करा. नोव्हेंबर ते मे या काळात एक मीटरहून जास्त पाणी नुसतं वाफ होऊन जातं, तेव्हा डोह तीन मीटरच्या आसपास असला तर मेमध्येही मासे-कासवं तगतात. मध्ये एखादं मातीचं बेट सोडलंत, तर कुत्र्यांपासून घरटी वाचतात.

प्लास्टिक अंथरलेलं तळं असेल, तर निदान एका कोपऱ्यात खडबडीत उतार किंवा जाड दोरखंडाची जाळी हवीच. त्या गुळगुळीत कडांवरून कोल्हा, मुंगूस, बिबट्या आणि माणूसही वर येऊ शकत नाही.

मासे सोडण्याची घाई नको. ओढ्याबरोबर स्थानिक मासे आपोआप येतात. डासांसाठी गंबुशिया सोडला तर तो बेडकांची पिल्लंही खातो. तिलापिया तळं व्यापून टाकतो आणि आफ्रिकन मांगूर पाळायला तर २००० पासून देशात बंदी आहे. जलपर्णीचं एकही रोप आत येऊ देऊ नका, जांभळी फुलं कितीही सुंदर दिसोत. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून हवा घेताना दिसले, तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. बहुतेक वेळा वरच्या शेतातलं खत वाहून येऊन शेवाळ माजलेलं असतं. काठाच्या आधी गवताचा रुंद पट्टा राखणं हा त्यावरचा खरा उपाय.

काही वर्षांनी गाळ काढावा लागतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेनंतर गाळ शेतात नेणं सोपं झालंय आणि ते चांगलंच आहे. पण पोकलेनवाला काळ्या गाळाखालचा घट्ट चिकण थरही खरवडून मुरूम उघडा करतो, आणि पुढच्या वर्षी तळं दिवाळीलाच कोरडं पडतं. त्यासाठी खोदाई सुरू करण्याआधी तळात चार ठिकाणी पहारीने खड्डे घेऊन गाळाची जाडी पाहा, तेवढ्यावर खुंट्या ठोका, आणि बांधाच्या पायथ्यापासून चार-पाच मीटरच्या आत मशीन अजिबात येऊ देऊ नका. काम डिसेंबर-जानेवारीत उरकलंत, तर टिटवीची घरटी सुरू होण्याआधी काठ मोकळा होतो.